संस्कृती : वारसा आणि विवेक

संस्कृती हा शब्द आज आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. सांस्कृतिक कार्यक्रम, सांस्कृतिक मंडळ, सांस्कृतिक वारसा हे शब्दप्रयोग रोजच कानांवर पडतात. मुलाने वडीलधाऱ्यांना उलट उत्तर केले म्हणजे आपण त्याला संस्कृतीची आठवण देतो. परदेशी पाहुणा आला म्हणजे त्याच्यापुढे संस्कृती म्हणून नृत्य, संगीत आणि पक्वान्ने मांडतो. आणि दोन गटांत वाद पेटला म्हणजे आपली संस्कृती धोक्यात आहे असे दोन्हीकडील माणसे सांगू लागतात. शिष्टाचार, कला आणि अस्मिता या तिन्ही गोष्टी आपण एकाच शब्दाने बोलून दाखवितो. एवढे ओझे वाहणारा शब्द नेमके काय सांगतो, आणि ज्या वस्तूला तो नाव देतो तिचे माणसाच्या जीवनात स्थान कोणते, याचा शोध घेणाऱ्या विचाराला संस्कृतीचे तत्त्वज्ञान म्हणतात. या विचाराच्या मुळाशी एक साधा दिसणारा पण कठीण प्रश्न आहे. पूर्वजांकडून जे आले ते जतन करणे म्हणजे संस्कृती, की जे आले त्याची पारख करणे म्हणजे संस्कृती? आजच्या भाषणात याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. संस्कृत वाङ्मयात हा शब्द जुना आहे. ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांना आत्मसंस्कृती म्हटले आहे. म्हणजे कलाकृती घडविताना माणूस स्वतःलाही घडवितो, स्वतःवर संस्कार करतो, ही जाणीव तेथे व्यक्त झाली आहे. परंतु आज आपण ज्या व्यापक अर्थाने हा शब्द वापरतो, तो अर्थ त्याला अलीकडच्या काळात चिकटला. इंग्रजीतील ‘कल्चर’ या शब्दाला प्रतिशब्द हवा होता, आणि निरनिराळ्या भारतीय भाषांत तो निरनिराळा योजला जात होता. बंगालीत ‘कृष्टि’ हा शब्द पुढे आला होता. थोर भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी असे नमूद करून ठेवले आहे की, १९२२ मध्ये पॅरिसमध्ये असताना ‘संस्कृती’ हा शब्द या अर्थाने मराठीत वापरतात हे त्यांना एका महाराष्ट्रीय मित्राकडून कळले. तो त्यांना आवडला, आणि पुढे रवींद्रनाथांनीही त्याला पसंती दिली. ‘कृष्टि’ हा शब्द रवींद्रनाथांच्या कानाला कधीच रुचला नव्हता. मराठीने भगिनीभाषेला दिलेली ही एक लहानशी पण मोलाची देणगी म्हणावयास हरकत नाही.

तथापि ‘कृष्टि’ हा शब्दही अगदीच टाकाऊ होता असे नाही. तो ‘कृष्’ म्हणजे नांगरणे या धातूपासून आला आहे, आणि ‘कल्चर’ या शब्दाचे लॅटिन मूळही जमीन कसणे हेच आहे. रोमन वक्ता व विचारवंत सिसरो याने इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास तत्त्वज्ञानाला मनाची मशागत म्हटले. शेतातला शब्द मनुष्याच्या अंतरंगाला लागू झाला तो तेथे. या दोन शब्दांतून दोन कल्पना आपल्या हाती लागतात. कृष्टि म्हणजे कसणे. त्यात श्रम आहे, जमीन आहे, ऋतू आहे, आणि दरवर्षी नव्याने करावी लागणारी मेहनत आहे. संस्कृती म्हणजे संस्कार करणे. त्यात हिणकस काढून टाकणे आणि उत्तम ते उजळणे आहे. पहिली कल्पना संस्कृतीचा पाया सांगते, दुसरी तिची दिशा सांगते. पुढील विवेचनात या दोन्हींची गरज पडणार आहे.

आपल्याकडे प्रकृती, विकृती आणि संस्कृती यांचा भेद सांगणारा एक दाखला प्रसिद्ध आहे. भूक लागली म्हणजे खाणे ही प्रकृती. दुसऱ्याच्या तोंडचा घास ओढून खाणे ही विकृती. आणि आपल्या घासातला घास दुसऱ्याला देणे ही संस्कृती. दाखला सुंदर आहे, परंतु त्यात संस्कृती म्हणजे चांगले तेवढेच असे गृहीत धरले आहे. मानवशास्त्रज्ञ या शब्दाचा उपयोग असा करीत नाहीत. एडवर्ड टायलर या इंग्रज पंडिताने १८७१ मध्ये संस्कृतीची जी व्याख्या केली, तीत ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे काही कमावतो ते सर्व त्याने अंतर्भूत केले. या अर्थाने अतिथीला पान वाढणे ही जशी संस्कृती, तशी एखाद्याला पंक्तीतून उठविणे हीही संस्कृतीच. पुढे १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या अमेरिकन पंडितांनी संस्कृतीच्या व्याख्यांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना एकशे चौसष्ट व्याख्या आढळल्या. त्या साऱ्यांत शिरण्याचे आपल्याला कारण नाही. एक अर्थ वर्णनाचा आहे आणि दुसरा मूल्याचा आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. पहिला माणसे कशी जगतात ते सांगतो. दुसरा माणसांनी कसे जगावे ते सांगतो. या दोहोंची गल्लत झाली की जे चालत आले तेच चांगले, असे आपण नकळत समजू लागतो.

टायलरच्या व्याख्येतील एक शब्द फार महत्त्वाचा आहे, आणि तो म्हणजे ‘कमावतो’. संस्कृती रक्तातून येत नाही, ती शिकावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. त्यांनी आईला पाहिलेले नसते, आईनेही त्यांना पाहिलेले नसते. तरीही ती सरळ समुद्राची वाट धरतात. कासवाला जे जाणावयाचे असते त्यातले पुष्कळसे ते जन्मतःच घेऊन येते. माणसाच्या पोराची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ते रडणे आणि चोखणे एवढे घेऊन येते. बोलणे, भिणे, लाजणे, मोजणे, प्रार्थना करणे हे सारे त्याला कोणीतरी द्यावे लागते. मराठी आईबापांचे मूल तमिळ घरात वाढले तर ते तमिळच बोलेल, आणि तमिळ आईबापांचे मूल सातारच्या खेड्यात वाढले तर त्याच्या तोंडी सातारी हेल येईल. भाषेची जी गोष्ट तीच नीतीची, तीच गाण्याची, तीच देवाची.

शिकणे हे काही प्राण्यांतही आढळते, हे खरे. जपानमधील कोशिमा बेटावर १९५३ मध्ये एका लहान वानर-मादीने वाळू लागलेले रताळे ओढ्याच्या पाण्यात धुऊन खाण्यास प्रारंभ केला. तिच्या सवंगड्यांनी आणि तिच्या आईने ते उचलले, आणि काही वर्षांत कळपातील बहुतेकांची ती रीत झाली. वानरांतही रूढी निर्माण होते असे यावरून म्हणता येईल. परंतु धुतलेले रताळे वानराला शेवटपर्यंत रताळेच राहते. माणसाच्या हाती आलेली वस्तू मात्र स्वतःखेरीज आणखी कशाचे तरी चिन्ह होते. पाणी जनावराची तहान भागविते तसे माणसाचीही भागविते. पण माणसाच्या जगात तेच पाणी तीर्थ होते, अर्घ्य होते, कन्यादानाच्या वेळी हातावर सोडलेली धार होते, आणि कोणी शिवले म्हणून बाटणारी वस्तूही होते. जर्मन तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासिरर याने १९२३ ते १९२९ या काळात प्रतीकरूपांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि पुढे १९४४ मध्ये आपल्या विचारांचा सारांश मांडताना माणसाचे लक्षण प्रतीके घडविणारा प्राणी असे केले. भाषा, पुराणकथा, धर्म, कला, विज्ञान ही सारी त्याच्या मते प्रतीकांचीच निरनिराळी जाळी. माणूस उघड्या निसर्गात राहत नाही. तो अर्थांच्या जगात राहतो, आणि ते जग त्याने स्वतःच विणलेले असते.

हे अर्थांचे जग कसे विणले जाते, आणि ते विरते तेव्हा काय होते, हे पाहण्यास आपल्या घरातलेच एक उदाहरण घेऊ. ते म्हणजे जाते आणि जात्यावरची ओवी.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी झाली ती १२९० मध्ये; म्हणजे ज्ञानदेवांनी ओवीला ग्रंथाच्या सिंहासनावर बसविण्यापूर्वी दीड शतकाहून अधिक काळ ती बायकांच्या कष्टांत नांदत होती. पहाटे घरातील इतर माणसे निजलेली असताना दोघी जावा किंवा सासू-सून जात्याशी समोरासमोर बसत, खुंट्याला हात लावीत, एक हात मुठीने दाणे वैरी, आणि दगडाच्या घरघरीवर ओवी सुरू होई. दळण हा श्रम होता, आणि तो मोठा कष्टाचा श्रम होता. धान्याचे पीठ व्हावे एवढेच पोटाला हवे होते. पोटाने ओवी मागितली नव्हती. तरीही ती आली. तीत भाऊ आला, माहेरची वाट आली, पंढरी आली, सीतेचा वनवास आला, आणि जे सासरी कोणापाशी बोलता येत नव्हते ते सारे आले.

रवींद्रनाथांनी १९३० मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत माणसातील या अधिकाचा विचार मांडला आहे. जगण्यास लागते त्याहून काही अधिक माणसापाशी असते, आणि त्या अधिकातूनच त्याची कला, त्याचा धर्म आणि त्याचे माणूसपण प्रकट होते, असे त्यांचे म्हणणे. येथे एक शंका उपस्थित होण्याजोगी आहे. हा अधिकाचा भाग ज्यांना फुरसत आहे, ज्यांचे पोट भरलेले आहे, त्यांच्याच वाट्याला येत असेल काय? ओवी या शंकेला उत्तर देते. जिला दिवसभरात क्षणाची उसंत नव्हती, जिला अक्षरओळख नव्हती, तिने श्रमाच्या ऐन मध्यात हे अधिक निर्माण केले. संस्कृती ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू आहे, हा समज यापुढे टिकत नाही.

परंतु त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहून इतिहासाचे संशोधन करणारे गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात प्राचीन भारताच्या संस्कृतीकडे पाहताना, लोक अन्न कसे मिळवितात, कोणती अवजारे वापरतात आणि त्या कामातून त्यांचे एकमेकांशी कोणते संबंध जुळतात, यावर सारा भर दिला. अवजार बदलले की त्याच्याभोवती गुंफलेला अर्थही हलू लागतो. पिठाची गिरणी गावोगाव आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि जाते थांबताच ओवीचा प्रसंगही संपला. याबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. जिच्या हातांना घट्टे पडले होते तिने गिरणीचे स्वागतच केले. ओवी टिकावी म्हणून जाते परत यावे, असे म्हणण्याचा अधिकार ज्याने कधी पहाटे उठून दळले नाही त्याला खचितच नाही.

मग काय उरले? साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात ओव्या एकत्र केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनाचे मोठे कार्य केले. आणि हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून खेडोपाडीच्या स्त्रियांकडून ज्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. या शेवटच्या संग्रहात एक गोष्ट विशेष लक्ष वेधून घेते. त्यात राम-सीता आहेत, विठ्ठल-रुक्मिणी आहेत, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत. ज्या छंदात आजी पंढरीची वाट गात होती, त्याच छंदात नातीने बाबासाहेबांची ओवी गायिली. सांगावयाचे होते ते नवे होते, पण ते सांगण्याची शक्ती जुन्याने दिली. वारसा जिवंत आहे की नाही याची खूण येथेच सापडते. ज्या रूपात नवी वेदना आणि नवी आशा मावू शकते ते रूप जिवंत. ज्यात ती मावत नाही ते कितीही जपले तरी संग्रहालयाचे. जात्याची उपमाच द्यावयाची तर, दगड झिजून गुळगुळीत झाला म्हणजे तो नुसताच फिरतो, पीठ पाडीत नाही. त्याला टाकी लावून पुन्हा खरखरीत करावे लागते. परंपरेचेही तसेच आहे.

संस्कृती शिकावी लागते, या विधानातून एक निष्कर्ष सहज निघतो. जी शिकता येते ती कोणालाही शिकता येते, आणि जेथे शिकणारा आहे तेथे ती जाऊ शकते. शुद्ध, अस्पर्श, केवळ आपलीच अशी संस्कृती जगात कोठेही नाही. तंजावरचे उदाहरण मराठी श्रोत्यांना जवळचे वाटेल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजे भोसले तेथे स्थिरावले, आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा मराठी इतिहास १८०३ मध्ये दगडावर कोरला गेला. शरफोजी राजांनी सरस्वती महालाचे ग्रंथभांडार वाढविले. परंतु या शिलालेखाहून अधिक टिकाऊ ठरला तो कीर्तनाचा प्रवास. महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांची पद्धत तंजावरच्या कलावंतांनी ऐकली, आणि कृष्ण भागवतरांसारख्या गुणी माणसांनी कर्नाटक संगीताशी तिची सांगड घालून तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद त्या हरिकथेत तमिळ शब्द ल्याले. ते आता मराठीचे की तमिळचे? दोन्हींचे, असेच म्हणावे लागेल. घराबाहेर पडलेली ओवी कोणाच्या घरून काही हिरावून घेऊन गेली नाही. दोन्ही घरे संपन्न झाली. धनाची वाटणी केली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. संस्कृतीचा व्यवहार वेगळ्या रीतीने चालतो.

येथवर जे सांगितले त्यावरून संस्कृती ही केवळ मंगलकारक वस्तू आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु तिच्याविषयीची साशंकताही तिच्याइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील दिजाँ येथील विद्वत्सभेने निबंधाची स्पर्धा ठेवली, तेव्हा १७५० मध्ये रूसो या विचारवंताने विद्या आणि कला यांच्या वाढीबरोबर माणसाचे शील खालावले असे प्रतिपादन करून बक्षीस मिळविले. त्याचे म्हणणे अतिशयोक्त होते, पण ते निराधार नव्हते. विसाव्या शतकाने त्याला भयंकर पुष्टी दिली. ज्या जर्मनीने जगाला तत्त्वज्ञान आणि संगीत दिले, त्याच जर्मनीत १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. हँबुर्ग विद्यापीठाचे प्रमुखपद भूषविलेल्या कासिररला केवळ तो ज्यू होता म्हणून देश सोडावा लागला, आणि १९४५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचा देहान्त झाला. प्रतीकांचे सामर्थ्य ज्याने जगाला समजावून दिले, त्याच्यावरच प्रतीकांचा वार झाला. ध्वज, रक्त, वंश या प्रतीकांनी विवेकाची जागा घेतली म्हणजे सुशिक्षित माणसेही काय करू शकतात, हे आपल्या शेवटच्या ग्रंथात तो मांडून गेला.

आपल्यालाही यासाठी दूर जावयाचे कारण नाही. पाण्याची गोष्ट मघाशी निघालीच आहे. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावे असे ठरले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. पण कागदावर खुले झालेले पाणी प्रत्यक्षात बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर त्या लोकांवर हल्ला झाला, आणि तळे पुन्हा शुद्ध करून घेण्यात आले. ज्यांनी शुद्धी केली ते आपल्या समजुतीप्रमाणे संस्कृतीचेच रक्षण करीत होते. वर्णनाच्या अर्थाने ती खरोखरच त्यांची संस्कृती होती. मूल्याच्या अर्थाने संस्कृती मात्र त्या दिवशी तळ्यात उतरून ओंजळ भरणाऱ्यांच्या बाजूला होती. तळ्याच्या हक्काचा खटला न्यायालयात दहा वर्षे चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ मध्ये आंबेडकरांच्या बाजूने झाला.

परंतु एक बाजू श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ, असे आपण कोणत्या मापाने ठरविले? जर्मन विचारवंत हेर्डर याने अठराव्या शतकातच सांगून ठेवले होते की, प्रत्येक लोकसमूहाचा जीवनाचा एक स्वतंत्र सूर असतो आणि एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजू नये. या शिकवणीने युरोपीयांच्या अहंकाराला चाप बसला, हे तिचे मोठेच ऋण आहे. पण तिचा अर्थ ताणला म्हणजे कोणत्याही रूढीला नावे ठेवण्याची सोय उरत नाही. सतीही कोणाची तरी संस्कृती आणि गुलामांचा बाजारही कोणाची तरी संस्कृती, असे म्हणून स्वस्थ बसावे लागते.

या पेचातून सुटण्याची वाट संस्कृतीच्या स्वरूपातच आहे, असे मला वाटते. संस्कृती जन्माने मिळत नाही, ती शिकण्याने मिळते, हे जर सत्य असेल तर जी गोष्ट जन्माने मिळत नाही ती जन्माच्या नावाने कोणाला नाकारताही येत नाही. अमुक कुळात जन्मला म्हणून त्याने वेद ऐकू नये, अमुक जातीत जन्मला म्हणून त्याने पाणी शिवू नये, स्त्री म्हणून जन्मली म्हणून तिने पाटी हाती धरू नये, असे सांगणारी रूढी केवळ अन्यायी नसते. ती संस्कृती या वस्तूच्या मूळ धर्मालाच सोडून असते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा संस्कृती बुडाली असा ओरडा झाला. वस्तुतः संस्कृतीचे जे स्वाभाविक काम, म्हणजे एका माणसाकडचे दुसऱ्याकडे देणे, तेच त्यांनी सुरू केले होते. अडविणारे त्या कामाच्या आड येत होते. हे माप बाहेरून कोणी लादलेले नाही. कोणत्याही संस्कृतीला तिच्याच घरात उभे राहून विचारता येतील असे दोन प्रश्न त्यात आहेत. ज्यांच्या श्रमांवर तू उभी आहेस त्यांना तुझ्यात वाटा आहे काय? आणि ज्यांना तू वाढविलेस त्यांनी तुला प्रश्न विचारला तर तू ऐकून घेतेस काय?

आपल्या संविधानकारांनी आणि नंतरच्या संसदेने हा विचार आपापल्या परीने ओळखलेला दिसतो. ज्या नागरिकांची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती आहे त्यांना ती जतन करण्याचा हक्क एकोणतिसाव्या अनुच्छेदाने दिला, आणि सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. एक दार जतनाचे, एक दार नकाराचे. दोन्ही एकाच घराची. पुढे १९७६ मधील बेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये घातली गेली, तेव्हा आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे जसे कर्तव्य मानले, तसेच विज्ञाननिष्ठा, मानवतावाद आणि शोधक व सुधारक वृत्ती वाढविणे हेही कर्तव्य मानले. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणे हे तर त्याच यादीत आधी येते. वारसा आणि विवेक यांची कर्तव्ये अशी शेजारी-शेजारी लिहिलेली आहेत. एकच पाळून दुसरे सोडण्याची मुभा त्यात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसाच्या जीवनात संस्कृतीचे स्थान कोणते? पोट भरल्यानंतर येणारी ती चैन नव्हे, हे ओवीने दाखविले. दुःख झाले असता ते कोणत्या शब्दांत सांगावे, मृत्यू घरात आला असता पहिल्या दिवशी काय करावे, आनंद झाला असता शेजाऱ्याला त्यात कसे बोलवावे, हे सारे प्रत्येक माणसाला नव्याने शोधावे लागले असते तर एक आयुष्य त्याला पुरले नसते. संस्कृती हे शोध आपल्याला तयार हाती देते. तिच्यावाचून माणूस मुका राहिला असता. परंतु तयार मिळालेल्या शब्दांतच जर तो आयुष्यभर बोलत राहिला, तर तो बोलतो असे म्हणण्यापेक्षा त्याचे पूर्वज त्याच्या तोंडून बोलतात असे म्हणणे अधिक योग्य होईल. जतन आणि पारख यांतील एक निवडण्याची पाळी म्हणूनच येऊ नये. जतनावाचून पारखण्यास काही उरत नाही, आणि पारखीवाचून जतन केलेले हळूहळू ओझे होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली, कोठेही असो. घरात मराठी आणि दारात दुसरी भाषा, अशा दोन जगांत तेथील मुले वाढतात. येथे वातावरण आपोआप काही देत नाही. जे द्यावयाचे ते आईबापांना जाणून-बुजून द्यावे लागते. काय द्यावे, काय सोडून द्यावे, आणि जेथे राहतो तेथील काय घ्यावे, हे तीन निर्णय त्यांना रोज घ्यावे लागतात. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनाही ते घ्यावेच लागतात, फक्त ते त्यांच्या ध्यानात येत नाही इतकेच. अशा घरातील मूल एखाद्या सणाच्या दिवशी विचारते, “हे आपण का करतो?” या प्रश्नाला दटावणे हे जसे चूक, तसे “ते जुने झाले, सोडून दे” असे म्हणून हसणे हेही चूक. ठाऊक असेल ते सांगावे, पटत असेल ते करावे, पटत नसेल ते मोकळेपणाने सोडावे, आणि सोडताना त्याचे कारण मुलाला समजावून द्यावे. त्या मुलाला एक भाषा मिळेल, आणि त्या भाषेत प्रश्न विचारण्याचे धैर्यही मिळेल. पुढच्या पिढीच्या हाती याहून अधिक देणे कोणालाच शक्य नाही, आणि याहून कमी देऊन चालणार नाही.